संकरित मोटारगाडी आणि हाताचा गिअर

‘हायब्रीड’ हा शब्द महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला नवा नाही. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हे ज्वारीचे संकरित वाण प्रसृत झाले आणि पुढील काही वर्षांत हा इंग्रजी शब्द शेतकऱ्यांच्या बोलण्यात इतका रुळला, की संकरित ज्वारीचे दुसरे नावच ‘हायब्रीड’ पडले. दोन भिन्न वाणांचे गुण एकत्र आणावयाचे, हा त्या शब्दाचा अर्थ. तोच शब्द आता मोटारगाड्यांच्या पाठीवर झळकू लागला आहे. येथे दोन वाणांऐवजी दोन शक्ती एकत्र येतात: पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारे इंजिन आणि विजेवर चालणारी मोटर.

तथापि एक महत्त्वाचा भेद आहे. बियाण्याच्या पिशवीवर वाणाचे नाव छापलेले असते आणि त्यावरून पिकाच्या उताऱ्याचा अंदाज करता येतो. गाडीच्या पाठीवरील ‘हायब्रीड’ या शब्दावरून मात्र त्या संकरात विजेचा वाटा किती, हे कळत नाही. तो वाटा नाममात्र असू शकतो, किंवा गाडीला काही अंतर केवळ विजेवर नेण्याइतका मोठाही असू शकतो. हा फरक जाणून घेण्याची एक सोपी खूण म्हणजे गाडीचा गिअर. ज्या संकरित गाडीला पायाने दाबावयाचा क्लच आणि हाताने बदलावयाचा गिअर असतो, त्या गाडीतील विजेचा वाटा बहुधा मर्यादित असतो. आणि जो वाटा असतो, त्याचा लाभ मिळणे वा न मिळणे हे चालकाच्या हातापायांवर पुष्कळ अवलंबून असते. असे का होते, हे समजून घेणे गाडी घेणाऱ्या कुटुंबाला जितके उपयुक्त, तितकेच सार्वजनिक पैशाचा विनियोग करणाऱ्या संस्थांनाही उपयुक्त आहे.

गिअर कशासाठी असतो?

सायकलला गिअर असलेला विद्यार्थी चढावर हलका गिअर घालतो. पाय भराभर फिरतात, चाक हळू फिरते, पण जोर वाढतो. सपाटीवर तो जड गिअर घालतो. मोटारगाडीच्या इंजिनाची गरजही अशीच आहे. पेट्रोलचे वा डिझेलचे इंजिन अगदी मंद फिरत असताना फारसा जोर देऊ शकत नाही. ठरावीक फेऱ्यांच्या मर्यादेतच ते नीट काम करते, आणि त्या मर्यादेतही एका अरुंद पट्ट्यात त्याचा इंधनखर्च सर्वांत कमी असतो. म्हणून चाकाचा वेग काहीही असला तरी इंजिनाच्या फेऱ्या सोयीच्या मर्यादेत ठेवण्यासाठी गिअरपेटी लागते. आणि गिअर बदलताना इंजिन व चाके यांचा संबंध क्षणभर तोडण्यासाठी क्लच लागतो.

विजेच्या मोटरीचा स्वभाव याच्या उलट आहे. ती थांबलेल्या स्थितीतूनच भरपूर जोर देते. साहजिकच केवळ विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांना चालकाने बदलावयाचे गिअर नसतात. जी शक्ती गिअर मागते आणि जी शक्ती गिअरशिवाय भागवते, अशा दोन शक्ती एका गाडीत आणल्या म्हणजे गिअरचे काय करावयाचे, हा प्रश्न संकरित गाडीच्या जन्मापासून उभा आहे.

इतिहासात डोकावले तर असे दिसते, की संकराचा आरंभच गिअरचा त्रास टाळण्यासाठी झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी फर्डिनांड पोर्श यांनी ऑस्ट्रियातील लोनर कंपनीसाठी जी संकरित गाडी रचली, तिच्यात पेट्रोलचे इंजिन केवळ वीज निर्माण करीत असे आणि चाकांत बसविलेल्या मोटरी गाडी ओढीत. गिअरपेटीची गरजच नव्हती. अमेरिकेत शिकागो येथील वुड्स कंपनीने १९१७ च्या सुमारास ‘ड्युअल पॉवर’ ही गाडी विकली. तीही संथ वेगाला विजेवर आणि अधिक वेगाला पेट्रोलवर चाले, व तिच्यातही चालकाला गिअर बदलावे लागत नसत. गाडी महाग होती, वेग बेताचा होता. त्यामुळे ती फार काळ टिकली नाही.

टोयोटाचा मार्ग आणि होंडाचा मार्ग

आधुनिक काळात संकरित गाडीचे युग डिसेंबर १९९७ मध्ये जपानात टोयोटाच्या ‘प्रियस’ या गाडीने सुरू झाले. तिच्यात नेहमीची गिअरपेटी नाही. सूर्याभोवती ग्रह फिरावेत त्याप्रमाणे मधल्या दातेरी चाकाभोवती लहान चाके फिरतात, अशा एका रचनेने इंजिन व दोन विद्युत यंत्रे परस्परांशी जोडलेली असतात. इंजिनाची किती शक्ती सरळ चाकांकडे जावी आणि किती विजेत रूपांतरित व्हावी, हे संगणक क्षणोक्षणी ठरवितो. या रचनेत चालकाने बदलावा असा गिअरच अस्तित्वात नाही. गाडी काही अंतर इंजिन बंद ठेवून जाऊ शकते, आणि ब्रेक लावताना वाया जाणारी गती पुष्कळ प्रमाणात विजेच्या रूपाने परत मिळविते.

होंडा कंपनीने दुसरा मार्ग पत्करला. तिची ‘इनसाइट’ ही गाडी नोव्हेंबर १९९९ मध्ये जपानात आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत विक्रीस आली. अमेरिकेत सर्वसामान्य ग्राहकाला मिळालेली ती पहिली आधुनिक संकरित गाडी होय; आणि तिला पाच गिअरांची, हाताने बदलावयाची गिअरपेटी होती. तीन सिलिंडरांचे, एक लिटरहून किंचित लहान इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये सुमारे सहा सेंटिमीटर जाडीची चपटी विद्युत मोटर बसविली होती. ही मोटर इंजिनाच्या दांड्यालाच पक्की जोडलेली होती. चढावर वा वेग घेताना ती इंजिनाला हातभार लावी. वेग कमी करताना तीच जनित्र बनून बॅटरी भरीत असे. गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असल्याने वजन सुमारे ८४० किलोच होते.

ग्रामीण वाचकाला परिचित असलेल्या उदाहरणाने सांगावयाचे तर, टोयोटाच्या गाडीत दोन्ही बैल एकेकटेही गाडा ओढू शकतात आणि कोणी किती ओढावयाचे हे गाडीवान नव्हे, तर यंत्र ठरविते. होंडाच्या गाडीत ओढणारा बैल एकच. दुसरा त्याच्या खांद्याला खांदा लावून चढावर बळ देतो, पण एकट्याने गाडा ओढीत नाही. कासरा मात्र पूर्वीप्रमाणेच माणसाच्या हाती राहतो. मोटर इंजिनालाच जोडलेली असल्यामुळे तिच्यापुढे नेहमीचा क्लच आणि नेहमीची गिअरपेटी बसविता आली. हाताचा गिअर आणि संकर यांचा मेळ बसला तो या कारणाने.

दहा वर्षांत उलटलेले गणित

अमेरिकन सरकारच्या पर्यावरण संस्थेने त्या काळच्या पद्धतीनुसार हाताच्या गिअरच्या ‘इनसाइट’ला शहरात गॅलनमागे ६१ मैल व महामार्गावर ७० मैल असे आकडे दिले. लिटरच्या हिशेबात ते सुमारे २६ व ३० किलोमीटर होतात. पुढे याच गाडीची स्वयंचलित आवृत्ती निघाली. तिचे आकडे ५७ व ५६ मैल, म्हणजे लिटरमागे सुमारे २४ किलोमीटर इतके होते. हा सगळाच फरक गिअरपेटीचा मानता येणार नाही; परंतु त्या काळी हाताचा गिअर काटकसरीला पोषक ठरला, हे स्पष्ट आहे. स्वयंचलित यंत्रणेत शक्ती वाया जाण्याचे प्रमाण अधिक असे, आणि जाणता चालक इंजिन योग्य पट्ट्यात ठेवू शके. त्याच्या मदतीसाठी फलकावर दिवे होते: गिअर वाढवावा केव्हा, उतरवावा केव्हा, हे ते सुचवीत.

यानंतर आलेल्या ‘सिव्हिक’ या होंडाच्याच संकरित गाडीच्या पहिल्या पिढीतही अमेरिकेत पाच गिअरांची गिअरपेटी मिळत असे. दुसऱ्या पिढीत ती गेली. फेब्रुवारी २०१० मध्ये जपानात ‘सीआर-झेड’ ही लहान गाडी सहा गिअरांसह आली. परंतु आता गणित उलटले होते. अमेरिकेतील सरासरी आकडा हाताच्या गिअरच्या गाडीला गॅलनमागे ३४ मैल, तर स्वयंचलित गाडीला ३७ मैल होता. लिटरमागे सुमारे साडेचौदा आणि पावणेसोळा किलोमीटर असा हा फरक. एका दशकात संगणक आणि स्वयंचलित गिअरपेटी यांनी माणसाच्या हाताला मागे टाकले होते. पुढे त्या गाडीचे उत्पादनही थांबले.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. दोन शक्तींचा उत्तम मेळ घालावयाचा तर पुढच्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांनी फिरणार आहे, हे संगणकाला ठाऊक हवे. गिअर माणसाच्या हाती असला म्हणजे हे ठरविणारे दोन होतात. संगणक मदतीची तयारी करतो आणि नेमक्या त्याच क्षणी चालक क्लच दाबतो. शिवाय पूर्ण संकरित गाडीत चालता चालता इंजिन बंद होते व पुन्हा सुरू होते. इंजिनाला चाकांपासून अलग करणे आणि धक्का न बसता पुन्हा जोडणे हे काम सेकंदाच्या अंशात व्हावे लागते. पायाने दाबावयाच्या क्लचकडून ही अपेक्षा करता येत नाही.

युरोपात यावर मधला तोडगा निघाला. किआ कंपनीने २०२० मध्ये आपल्या काही सौम्य संकरित गाड्यांत क्लचची दांडी व क्लच यांतील यांत्रिक जोडणी काढून टाकली. चालक क्लच दाबतो, पण प्रत्यक्ष क्लच विजेच्या संकेताने हलतो. त्यामुळे पाय न लावताही गाडीला स्वतः इंजिन अलग करता येते. त्याच वर्षी फियाटने ‘५००’ व ‘पांडा’ या लहान गाड्या सहा गिअरांसह सौम्य संकरित स्वरूपात आणल्या. त्यांचा फलक चालकाला सुचवितो, की वेग ताशी ३० किलोमीटरच्या खाली आला असता गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी. तसे केले म्हणजे गाडी थांबण्यापूर्वीच इंजिन बंद होते. येथे तर यंत्राने माणसाकडे सरळसरळ सहकार्य मागितले आहे.

भारतातील सौम्य संकर

भारतात हाताच्या गिअरची संकरित गाडी सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली ती २०१५ मध्ये. मारुती सुझुकीने त्या वर्षी डिझेलवरील ‘सियाझ’ व ‘एर्टिगा’ या गाड्या पाच गिअरांसह सौम्य संकरित रूपात आणल्या. नाशिकमध्ये उत्पादन होत असलेल्या महिंद्रच्या ‘स्कॉर्पिओ’तही २०१६ मध्ये अशीच सोय करण्यात आली. या रचनेत इंजिनाच्या बाजूला पट्ट्याने जोडलेले एक यंत्र असते. ते तीन कामे करते: थांबलेले इंजिन चटकन सुरू करणे, वेग घेताना थोडे बळ देणे, आणि वेग कमी होताना वीज तयार करून बॅटरीत साठविणे. केवळ विजेवर ही गाडी चालत नाही. तिला घरच्या विजेवर भारितही करावे लागत नाही.

कंपनीच्या आकड्यांनुसार ‘सियाझ’ डिझेल गाडीचा प्रमाणित इंधन-उतारा, म्हणजे बोलभाषेतील ‘ॲव्हरेज’, लिटरमागे २६.२१ किलोमीटरवरून २८.०९ किलोमीटर झाला. वाढ सुमारे सात टक्के. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर प्रवास धरला तर ५७२ लिटरऐवजी ५३४ लिटर डिझेल लागेल. म्हणजे वर्षाकाठी सुमारे ३८ लिटरची बचत. ही बचत अल्प असली तरी खरी आहे, आणि तिच्यासाठी गाडीच्या किमतीत फार मोठी भरही पडत नाही.

पुण्यातही या दिशेने एक वेगळा प्रयत्न झाला होता. केपीआयटी कमिन्स या पुण्यातील कंपनीने भारत फोर्जच्या सहकार्याने २०१० मध्ये ‘रिव्होलो’ नावाचा संच जाहीर केला. रस्त्यावर आधीपासून असलेल्या गाडीलाच मोटर व बॅटरी जोडून तिला संकरित बनवावे, अशी त्यामागील कल्पना होती. भारतातील बहुसंख्य गाड्यांना हाताचा गिअर आहे, हे गृहीत धरूनच मोटर गिअरपेटीला न जोडता इंजिनाच्या पट्ट्याच्या चाकाला जोडण्याची योजना होती. हा संच सर्वसामान्य बाजारात रुजला नाही. परंतु जुन्या गाडीचा विचार करणारी ती कल्पना उल्लेखनीय होती.

अनुदान कशासाठी, कोणाला?

सौम्य आणि पूर्ण संकर यांतील भेद केवळ तांत्रिक राहिला नाही. तो सार्वजनिक तिजोरीचाही प्रश्न झाला. विजेवरील व संकरित वाहनांच्या प्रसारासाठी केंद्र सरकारची ‘फेम’ योजना १ एप्रिल २०१५ पासून अंमलात आली. सौम्य संकरित गाड्याही तिच्या कक्षेत होत्या. हाताच्या गिअरच्या सौम्य संकरित मोटारगाडीमागे सुमारे १३ हजार रुपयांचे साहाय्य मिळत असे. पूर्ण संकरित आणि विजेवरील गाड्यांना याहून कितीतरी अधिक साहाय्य देऊ केले होते. पण त्या गाड्या महाग व संख्येने थोड्या होत्या. परिणामी आरंभीच्या काळात साहाय्य मिळालेल्या मोटारगाड्यांत सौम्य संकरित गाड्यांचाच भरणा मोठा राहिला.

या स्थितीकडे दोन दृष्टींनी पाहिले गेले. एका मते, बचत थोडी असली तरी ती हजारो गाड्यांत होत होती आणि सामान्य ग्राहकाला परवडत होती. दुसऱ्या मते, डिझेलवरच चालणाऱ्या व विजेवर एक किलोमीटरही न जाणाऱ्या गाडीला विजेच्या वाहनांसाठी ठेवलेला पैसा मिळणे हे योजनेच्या हेतूशी सुसंगत नव्हते. अखेर १ एप्रिल २०१७ पासून सौम्य संकरित गाड्या या साहाय्यातून वगळण्यात आल्या. पुढे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही कडक प्रदूषण-मानके लागू झाली तेव्हा मारुती सुझुकीने डिझेल गाड्याच बंद केल्या, आणि सौम्य संकराची रचना तिच्या पेट्रोल गाड्यांत चालू राहिली. या सर्व घडामोडींत गाडीच्या पाठीवरील शब्द मात्र तोच होता.

एका नावाच्या दोन गाड्या

या भेदाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण २०२२ मध्ये मिळाले. त्या वर्षी सप्टेंबरात बाजारात आलेली मारुती सुझुकीची ‘ग्रँड व्हिटारा’ ही गाडी एकाच आकारात दोन प्रकारच्या संकरांत देण्यात आली. सौम्य संकरित गाडीला पाच गिअरांची, हाताने बदलावयाची गिअरपेटी होती व तिचा प्रमाणित उतारा लिटरमागे २१.११ किलोमीटर होता. टोयोटाच्या पद्धतीच्या पूर्ण संकरित गाडीला चालकाचा गिअर नव्हता आणि तिचा उतारा २७.९७ किलोमीटर होता. वर्षाला पंधरा हजार किलोमीटरच्या हिशेबात पहिलीला सुमारे ७१० लिटर पेट्रोल लागते, तर दुसरीला सुमारे ५३६ लिटर. फरक १७४ लिटरचा.

किमतीतील अंतरही तसेच होते. आरंभी सौम्य संकरित गाडीची सर्वांत कमी किंमत १० लाख ४५ हजार रुपये, तर पूर्ण संकरित गाडीची १७ लाख ९९ हजार रुपये होती. या दोन गाड्यांतील इतर सोयी सारख्या नसल्याने सगळे अंतर संकराचे म्हणता येणार नाही. तरीही वर्षाकाठी १७४ लिटर पेट्रोलची बचत आणि किमतीतील काही लाखांचे अंतर शेजारी मांडून पाहिले, तर थोडा प्रवास करणाऱ्या कुटुंबाने हाताच्या गिअरची गाडी का निवडावी आणि दिवसभर शहरात फिरणाऱ्या गाडीला पूर्ण संकर का परवडावा, हे ध्यानात येते.

येथे बॅटरीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पूर्ण संकरित ‘ग्रँड व्हिटारा’ची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तास क्षमतेची आहे. म्हणजे घरच्या मीटरवरील एक युनिटही तिच्यात मावत नाही. सौम्य संकरित गाडीची बॅटरी याच्याही लहानशा अंशाइतकीच वीज साठविते. म्हणून संकरित गाडीत बॅटरी ही कणगी नसून रोज भरावयाचा व रिकामा करावयाचा रांजण आहे. तो वारंवार भरला गेला तरच उपयोग. आणि हाताच्या गिअरच्या गाडीत तो भरला जाईल की नाही, हे चालकावर अवलंबून असते.

चालकाचा वाटा

हाताच्या गिअरच्या सौम्य संकरित गाडीत बचतीचा मोठा भाग थांबलेल्या गाडीचे इंजिन आपोआप बंद होण्यातून येतो. परंतु त्यासाठी अट आहे: गिअर न्यूट्रलमध्ये हवा आणि क्लचवरचा पाय पूर्ण काढलेला हवा. पुन्हा क्लच दाबताच इंजिन सुरू होते. चौकात सिग्नलला थांबल्यावर पहिला गिअर घालून, क्लच दाबून धरण्याची सवय अनेक चालकांना असते. अशा वेळी गाडीला वाटते, की चालक निघण्याच्या तयारीत आहे. मग इंजिन बंद होतच नाही. लहान गाडीचे इंजिन जागेवर चालू राहिले तर तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर इंधन जाळते. दिवसभरातील सिग्नल, रेल्वेचे फाटक, टोलनाक्यावरील रांग यांचा हिशेब केला, की या एका सवयीने संकराचा बराचसा लाभ कसा गळून जातो, ते कळते. शिवाय क्लचची झीज होते ती वेगळीच.

दुसरी सवय उतारावरची. घाट उतरताना इंधन वाचेल या समजुतीने गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची प्रथा जुनी आहे. ती मुळातच धोक्याची आहे. कारण इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊन सगळा भार ब्रेकवर पडतो आणि ब्रेक तापतात. आधुनिक इंजिनांत तिने इंधनही वाचत नाही. गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर ॲक्सिलरेटर सोडून चालविली असता इंजिनाचा इंधनपुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत राहण्यासाठी इंधन जळत राहते. संकरित गाडीत यात आणखी एका तोट्याची भर पडते. वीज निर्माण करणारे यंत्र इंजिनाला जोडलेले असल्याने, गिअर काढला किंवा क्लच दाबला, की चाकांचा आणि त्या यंत्राचा संबंध तुटतो. कसारा वा खंबाटकीचा उतार बॅटरी भरण्याची उत्तम संधी असतो; न्यूट्रलमध्ये गाडी उतरली तर ती संधी वाया जाते. फियाटच्या गाडीत कमी वेगाला न्यूट्रल घेण्याची सूचना आहे, हे खरे. पण ती थांबण्यापूर्वीच्या शेवटच्या टप्प्यापुरती आहे, घाट उतरण्यासाठी नाही. म्हणूनच ज्या गाडीचे चाक हाती आहे, तिची माहितीपुस्तिका वाचणे हाच सरळ मार्ग होय.

तिसरी गोष्ट गिअर वाढविण्याची. गिअर उशिरा वाढविणारा चालक इंजिन विनाकारण वेगाने फिरवितो. फार लवकर वाढविणारा ते गुदमरवितो. अनेक गाड्यांच्या फलकावर गिअर बदलण्याची सूचना देणारा बाण असतो. तो पाळण्याची सवय लावली तर यंत्राची मदत योग्य वेळी मिळते.

प्रयोगशाळा आणि रस्ता

गाडीचा प्रमाणित उतारा कसा ठरतो, हेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारतीय मोटार संशोधन संस्थेसारख्या चाचणीसंस्थांत गाडी फिरत्या रुळांवर ठेवून ठरलेल्या चक्रानुसार चालविली जाते. किती सेकंद थांबावयाचे, किती वेग घ्यावयाचा, हे त्या चक्रात निश्चित असते. आणि हाताच्या गिअरच्या गाडीसाठी कोणत्या वेगाला कोणता गिअर घालावयाचा, हेही नेमून दिलेले असते. म्हणजे प्रयोगशाळेतील चालक कोष्टकाप्रमाणे गिअर बदलतो. रस्त्यावरचा चालक आपल्या सवयीप्रमाणे बदलतो. स्वयंचलित पूर्ण संकरित गाडीतही प्रयोगशाळा व रस्ता यांत अंतर पडते, पण तेथे निदान गिअरचा निर्णय दोन्ही ठिकाणी एकच यंत्र घेत असते. हाताच्या गिअरच्या गाडीत तो निर्णय घेणारा माणूस बदलतो. एकाच आळीतील दोन सारख्या गाड्यांचा ॲव्हरेज वेगळा का पडतो, याचे एक महत्त्वाचे उत्तर येथे आहे.

यावरून हाताच्या गिअरची संकरित गाडी कनिष्ठ आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. तिची रचना साधी असते, किंमत आटोक्यात असते, आणि क्लच व गिअरपेटी परिचित असल्याने त्यांची दुरुस्ती तालुक्याच्या गॅरेजमध्येही होऊ शकते. चालक जाणता असेल तर ती आपले काम चोख करते. मात्र तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, हे आधी समजले पाहिजे. ‘हायब्रीड’ हा शब्द पाहून गाडी घेणाऱ्याने चार गोष्टी विचाराव्यात: ही गाडी केवळ विजेवर थोडीतरी चालते काय? विजेची मोटर इंजिनाला जोडलेली आहे की चाकांकडे? बिगरसंकरित गाडीच्या तुलनेत वर्षाला किती लिटर इंधन वाचेल? आणि ती वाचविण्यासाठी चालकाने काय करावयाचे आहे?

संस्थेसाठी वा कार्यालयासाठी वाहन घेताना हे प्रश्न अधिकच महत्त्वाचे ठरतात. कारण तेथे गाडी निवडणारा एक, चालविणारा दुसरा आणि इंधनाचे देयक मंजूर करणारा तिसरा असतो. अशा ठिकाणी गाडीबरोबर चालकालाही अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण दिले आणि वाहनाच्या नोंदवहीतील किलोमीटर व इंधन यांचा मेळ दरमहा पाहिला, तर खरेदीच्या वेळी कागदावर दिसलेली बचत प्रत्यक्षात उतरते आहे की नाही, हे वर्षअखेरीची वाट न पाहता कळू शकते. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांनाही गती, शक्ती आणि ऊर्जेचे रूपांतर समजावून सांगण्यास हा विषय सोयीचा आहे. गिअरची सायकल आणि डायनॅमोचा दिवा एवढ्या साहित्यावर त्याची ओळख करून देता येते.

संकरित ज्वारीने शेतकऱ्याला एक धडा दिला होता. वाण कितीही चांगले असले, तरी खत, पाणी आणि मशागत वेळेवर झाली नाही तर उतारा पडत नाही. हाताच्या गिअरच्या संकरित गाडीलाही तोच नियम लागू आहे. यंत्र बळ देऊ शकते, वीज साठवू शकते, इंजिन बंदही करू शकते. परंतु सिग्नलला गिअर काढावयाचा आणि घाटात तो काढावयाचा नाही, हे त्या गाडीत माणसानेच ठरवावयाचे असते.